एका ताग्यातले दोन शर्ट

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला. मधल्या काळात माझा पत्ता दोनदा बदलला आणि काम तीनदा, त्यामुळे कुठून लिहायचं हेच ठरत नव्हतं. मधमाश्यांच्या पेट्यांवरचं काम सोडलं. चावल्या म्हणून नाही. त्या सकाळपासून इतकं राबतात की त्यांच्यासमोर नुसतं बसायची लाज वाटते.

तिथून ट्रकच्या पाठीमागे बसून या गावात उतरलो. पुढच्या गाडीला दीड तास होता, म्हणून फिरत फिरत एका जुन्या थिएटरपाशी आलो. शिडीवर एक माणूस उभा. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खिळा आणि पाटी हनुवटीखाली दाबलेली. दोन मिनिटं पाटी धरता का, असं त्याने हनुवटी न हलवता विचारलं. मी धरली. आत्या, त्याला आता सात आठवडे झाले.

तो माणूस इथला ऑपरेटर, म्हणजे वरच्या खोलीत बसून सिनेमा दाखवणारा. खुर्च्या दोनशे चाळीस, त्यातल्या अकरा मोडक्या. त्या अकरांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या, पण लोकांना नेमक्या त्याच हव्या असतात. एक आजी तर रोज चौथ्या रांगेतल्या मोडकीवरच बसतात, ती त्यांच्या मापाची मोडली आहे म्हणे. मार्चमध्ये इथे चित्रपट महोत्सव आहे. त्याच्या तयारीला मला ठेवून घेतलंय. कसला महोत्सव ते सविस्तर लिहायला हवं, पुढच्या वेळी लिहितो.

एक काम आहे. ऑपरेटरकडे धड शर्ट नाही. महोत्सवात त्याला चार लोकांसमोर यावं लागेल, तर एक शिवून देशील का? मापं : छाती अडतीस, खांदा साडेसतरा, बाही सव्वाचोवीस, कॉलर साडेपंधरा, मनगट पावणेसात, पण उजवं त्याहून पाव इंच जास्त, कारण पूर्वी तो रिळांचे डबे उजव्या हाताने उचलायचा. मलाही एक चालेल. माझी कॉलर पंधरा असेल, किंवा सोळा. सतरा नसावी.

आणखी एक गोष्ट सांगायची होती, खरं तर पत्र त्याचसाठी लिहायला घेतलं होतं, पण कागद संपत आला. ती महत्त्वाची आहे. त्या आजींची खुर्ची दुरुस्त करायला गेलो तर

(कागद संपला.)

तुझा लोभ आहे म्हणून तर शर्ट मागतोय,
भिंगरी


दि. १० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. मी फोन उचलत नाही म्हणून तू कुरकुर करतोस, पण फोनवर तू विषय बदललास की माझ्या हाती काही उरत नाही. कागदावर बदललास तर निदान जिथे बदललास तिथे बोट ठेवता येतं. या खेपेला बोट आजींच्या खुर्चीवर आहे.

मापं मिळाली. तीस वर्षं गावाची मापं घेते आहे मी. स्वतःची कॉलर पंधरा की सोळा की सतरा, आणि मित्राचं मनगट पाव इंचापर्यंत पाठ! तुझ्या वडलांनी लग्नानंतर आठ वर्षांनी वहिनीसाठी बांगड्या आणल्या, त्या तिच्या कोपरापर्यंत चढल्या. तेव्हा हा गुण तू घराण्यातून उचललेला नाहीस. ऑपरेटरचं उजवं मनगट कोणत्या टेपने मोजलंस ते मी विचारत नाही. रंग कोणता आवडतो तेवढं कळव.

दादाचं म्हणशील तर तुझे वडील आहेत तसेच आहेत. दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात खिळे-स्क्रू विकतात आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन काजं मोजतात. दोन वर्षांपूर्वी मुलीकडची माणसं दारात आलेली असताना तू सरबताला बर्फ आणायला म्हणून गेलास आणि चौथ्या दिवशी तुझं कार्ड आलं, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. ती मुलगी कधीच सुखाने संसाराला लागली, तिचा ब्लाउज मीच शिवला. पण दादा अजून रोज विचारतो, बर्फ मिळाला का त्याला. बाकी तुझ्याबद्दल एक शब्द नाही. परवा वहिनी फारच रडली तेव्हा म्हणाला, त्याची पत्रिका आली तर जाईन, त्याशिवाय पाऊल टाकणार नाही.

महोत्सव कसला ते नीट लिही. आणि ती महत्त्वाची गोष्ट आधी लिही, खुर्ची नंतर.

कागदाचे दोन ताव सोबत ठेवले आहेत, म्हणजे ती सबब गेली. माझे आशीर्वाद तुझ्या पायांना जरा जड होवोत,
आत्या


दि. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. ताव मिळाले. हिरवा.

आता महोत्सवाचं. हा एलजीबीटीक्यू लोकांच्या सिनेमांचा महोत्सव आहे. म्हणजे पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, दोन्हींकडे जीव अडकणारे, आणि जन्माच्या वेळी डॉक्टरांनी जे जाहीर केलं ते आपल्याला कधी पटलंच नाही असं म्हणणारी माणसं. सगळे सिनेमे याच भागातल्या लोकांनी केलेले. एक बेकरीवाल्याने केलाय, त्यात सगळे नट पिठाने पांढरे आहेत. एक बस चालवणाऱ्या बाईचा आहे, ती आधी बस चालवणारा पुरुष होती आणि त्या सिनेमात प्रवाशांची मुख्य तक्रार एवढीच आहे की बस वेळेवर येत नाही. मला तो फार आवडला. तू रागावशील असं वाटून हे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. रागावली असशील तर पुढचं वाचू नकोस. पण वाच.

महोत्सव भरवतात त्या दातांच्या डॉक्टर आहेत, म्हणून सगळे त्यांना दातवाल्या बाई म्हणतात. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, तेव्हा त्या तिथेच महोत्सवाला यायचं कबूल करून घेतात. पण थिएटरचा मालक कच खातोय. पहिल्या दिवशी निम्मं थिएटर, म्हणजे एकशेवीस माणूस, भरलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून हॉल गादीवाल्यांच्या सेलला देणार असं त्याने बजावलंय. मग महोत्सव पहिल्याच संध्याकाळी संपेल, आणि ऑपरेटरचं काम आणि त्याच्या वरच्या मजल्यावरची खोलीही जाईल. त्याचं सामान बारा वर्षं त्याच खोलीत आहे. बाईंनी प्रत्येकाला वीस माणसं आणायला सांगितली आहेत. माझी इथे ओळख म्हणजे ऑपरेटर, आजी आणि थिएटरच्या पायरीवरची बकरी.

म्हणून निमंत्रणपत्रिका मीच छापून आणायचं ठरलं आणि तिथे घोळ झाला. इथल्या छापखान्यातले आजोबा चाळीस वर्षं फक्त लग्नपत्रिका छापतात. महोत्सवाचं नाव ‘मनाजोगतं’. मी मजकूर दिला आणि नेहमीसारखं छापा असं सांगून समोरच्या दुकानातले मासे बघायला गेलो. एक मासा उलटा पोहतो, आत्या! परत आलो तर चारशे पत्रिका तयार. गुलाबी कागद, वर दोन कबुतरं, मध्ये सोनेरी अक्षरांत ‘मनाजोगतं’, खाली या आनंदसोहळ्यास सहकुटुंब सहपरिवार यावं, कृपया आहेर आणू नये. ‘चित्रपट महोत्सव’ हे शब्द पत्त्याच्या ओळीत मुंगीएवढे. निमंत्रक म्हणून माझं नाव. आणि सगळ्यात शेवटी : आमच्याकडे यायचं हं! ते त्यांनी आपणहून घातलंय. ती ओळ नसली तर कागद उघडा वाटतो म्हणाले.

दातवाल्या बाई इतक्या हसल्या की त्यांच्या पेशंटची भूल उतरली. पुन्हा छापायला वेळ नाही. ऑपरेटर म्हणाला, कागद जाड आहे, कामाला येईल, आणि त्याने एक दुमडून प्रोजेक्टरच्या पंख्याच्या झाकणाखाली खोचली. त्या झाकणाचा एक स्क्रू कधीचा गायब आहे, त्यामुळे ते खडखडतं. तो असा आहे. कशाचा राग म्हणून येत नाही त्याला. चहा उतू गेला तरी आधी माझा हात बघतो.

चाळीस पत्रिका पाठवतोय. दुकानात येणाऱ्या बायकांना दे, कुणी आलंच तर.

महत्त्वाची गोष्ट आता लिहितो. ऑपरेटर आणि मी

बकरी आत शिरली. धावतो.

माझ्यावरचा लोभ या पत्रानंतर शिल्लक असेल तर कळव,
भिंगरी


दि. २५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा उतरवताना माझा पाय मुरगळला आणि प्लॅस्टरमध्ये गेला. मशीन डाव्या पायाने चालवते आहे, काम थांबलेलं नाही. प्रवास मात्र नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं.

पत्रिका वाटल्या. गिऱ्हाइकांपर्यंत पोचल्याच नाहीत, घरातच संपल्या. आपल्या घराण्यात पत्रिका कुणी वाचत नाही हे तुला ठाऊक आहे. कबुतरं बघतात, तारीख बघतात, आणि पोचायला किती तास ते विचारतात. थोरल्या काकूंनी पत्रिका डोळ्यांना लावली आणि मनाजोगतं झालं म्हणून रडल्या. धाकट्या काकांनी गाडी ठरवली. नंतर आणखी एक ठरवावी लागली. लग्न हा शब्द त्या कागदावर कुठेही नाही, मी तीन वेळा वाचून खात्री केली. कुणी मला काही विचारलं नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही. मी कुणाशी खोटं बोललेले नाही हे लक्षात ठेव, उद्या साक्ष काढावी लागेल.

दादाने पत्रिका माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी पाहिली, खिशात ठेवली आणि बुटांना पॉलिश करायला गेला. तोही येतो आहे. वहिनी माझ्या पायापाशी थांबणार आहे, पण तिने तुझ्यासाठी स्वेटर धाडलाय.

शर्टांचं पुडकं दादाकडे दिलंय. तुम्ही दोघं एका ठिकाणी असाल तेव्हाच उघडायचं आणि त्याच दिवशी घालायचं. ऑपरेटरच्या शर्टाला दोन्ही कडेला माया सोडली आहे, पुढेमागे अंगाने भरला तर उसवून घेता येईल.

तू विचारलंस म्हणून लिहिते, मी रागावलेली नाही. मशीनवर बसून मी एवढ्या जणांच्या लग्नाचे कपडे शिवले, त्यातले किती जण मापाच्या माणसाशी लागले ते मला विचार.

बकरीला बांधून ठेव. आशीर्वाद आहेतच, या वेळी जरा जास्त लागतील म्हणून जास्त पाठवते,
आत्या


दि. ९ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मला आठ तारखेला सकाळी दहाला मिळालं. गाड्या साडेदहाला आल्या. अर्ध्या तासात माणूस काय करू शकतो? मी बकरीला बांधलं. दुसरं काही सुचलं नाही.

सदतीस माणसं, आत्या! रेशमी कपड्यांत! थिएटरच्या पायऱ्यांवर अत्तराचा असा घमघमाट की बकरीला शिंका लागल्या. आहेर आणू नये असं छापलेलं असूनही तीन भिंतीवरची घड्याळं आणि एक इस्त्री. थोरल्या काकूंनी मला मिठी मारली आणि नवरी कुठे आहे असं माझ्या खांद्यावरूनच शोधायला लागल्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दातवाल्या बाई पुढे आल्या. तोंड उघडलेलं माणूस दिसलं की त्यांना राहवत नाही. आधी सिनेमा आहे, बाकी सगळं नंतर, असं सांगून त्यांनी सगळ्यांना आत नेऊन बसवलंसुद्धा. काकांना वाटलं आजकाल नवरा-नवरीची फिल्म आधी दाखवतात.

बाबा सगळ्यांत शेवटी उतरले. हातात तुझं पुडकं, वर स्वेटर. दोन वर्षांनी समोर आले, मला खालपासून वर पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, बर्फ मिळाला का. मी पुडकं घेतलं आणि वर पळालो.

ते आम्ही दोघांनी मिळूनच उघडलं, शपथ. एकाच ताग्यातले दोन शर्ट, गर्द हिरवे, बारीक पिवळी रेघ. ऑपरेटरने घातला आणि उजव्या हाताचं बटण लावलं. आत्या, त्याचं उजवं बटण आजवर कधी लागलं नव्हतं. तो किती तरी वेळ मनगटच बघत राहिला.

आता माणसांचं. आपले सदतीस, बाईंचे पेशंट त्रेपन्न, इकडून तिकडून सत्तावीस. मालक दाराशी उभा राहून मोजत होता. एकशे सतरा! तीन कमी. तेवढ्यात गादीवाले आले. दुसऱ्या दिवशीच्या सेलसाठी हॉल मोजायला तिघं टेप घेऊन. पडद्यावर सिनेमा चालू, म्हणून जरा टेकले, ते टेकलेच. त्यातला एक मोडक्या खुर्चीवर. झाले एकशेवीस. मालक म्हणाला, हे मोजायचे नाहीत. चौथ्या रांगेतून आजींनी पडद्यावरची नजर न काढता त्याला विचारलं, त्यांना काय डोकी नाहीत? मालकाने एकशेवीस धरले.

पहिला सिनेमा होता दोन बायकांचा. नदीवर होडी चालवतात. एक वल्हवते, एक पाणी उपसते, वीस वर्षं भांडतात. गावाला वाटतं बहिणी आहेत. सुरुवातीला आपल्या रांगांत कुजबुज झाली. धाकटे काका उठून उभे राहिले, बहुतेक जायला. पण थोरल्या काकूंनी त्यांना खाली बसवलं, कारण त्यांना दिसत नव्हतं. मग वल्हवणारी आजारी पडते आणि दवाखान्यातली माणसं दुसरीला आत सोडत नाहीत, तू कोण लागतेस म्हणतात. त्यावर थोरल्या काकूंनी भर थिएटरात पडद्याशी भांडण काढलं. अरे सोडा की तिला, वीस वर्षं पाणी उपसतेय ती, असं ओरडल्या. आख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. बाईंचे पेशंट तर दोन्ही हातांनी. शेवटी आपल्या तीन रांगा इतक्या रडल्या की रेशमी पदरांची वाट लागली. त्या रांगांत एकच जण रडला नाही, तो खडखडाट ऐकत होता.

कारण मधेच ऑपरेटरने खोचलेली पत्रिका निसटली आणि पंख्याचं झाकण खडखडायला लागलं. तुला माहीत आहे, सैल स्क्रूचा आवाज बाबांना सहन होत नाही. मध्यंतर झाल्याबरोबर ते जिना चढून वर आले. मी त्यांच्या मागे. माझे पाय, जे कधी एका जागी ठरत नाहीत, ते जिन्यावर ठरले.

बाबांनी आधी झाकण पाहिलं. मग ऑपरेटरचा शर्ट. मग माझा. मग पुन्हा त्याचा, जवळ जाऊन. कॉलरची टोकं निरखली. एकाच ताग्यातून कापलंय तिने, म्हणाले, रेघ रेघेला लागतेय. त्या खोलीत फक्त झाकण बोलत होतं. ऑपरेटरने खाली पडलेली पत्रिका उचलून पुन्हा खोचायला घेतली, तर बाबांनी ती त्याच्या हातातून घेतली. यावर मुलीचं नाव नाही हे मी घरीच वाचलं होतं, म्हणाले. वाटलं, छापखान्याची चूक असेल. मग गाडीत बारा वेळा वाचली. छापखान्याची चूक नाही.

मी काहीतरी बोलायला गेलो. काय, ते आता आठवत नाही, बहुधा माशाबद्दल असेल. त्यांनी हाताने गप्प केलं आणि ऑपरेटरला विचारलं, पुढचा सिनेमा किती वेळाचा. तो म्हणाला, एक तास बत्तीस मिनिटं. बाबांनी कोट काढला, खुंटीला लावला आणि झाकणावर तळहात दाबून उभे राहिले. खडखड थांबली. ऑपरेटरने स्टूल पुढे केलं, त्यावर बसले, पण हात तसाच. आत्या, एक तास बत्तीस मिनिटं! दुसरा सिनेमा दोन पुरुषांचा होता. एक घड्याळं दुरुस्त करतो, दुसरा त्याला जेवायला हाक मारतो, एवढीच गोष्ट. बाबांनी तो त्या लहानशा खिडकीतून पाहिला. ऑपरेटर शेजारी. मी दारात. मधे एकदा त्यांनी विचारलं, जेवायला हा रोज एवढा उशीर करतो का. पडद्यावरच्या माणसाबद्दल असावं. ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाला.

शेवटी तळहात लाल झाला होता. कोट घातला, खाली गेले, गाडीत बसले. जाताना काही म्हणाले नाहीत, हेच मला झोंबतंय. थोरल्या काकू मात्र होडीवाल्या बाईंचा पत्ता घेऊन गेल्या. एक घड्याळ आजींना दिलं, इस्त्री बकरीवाल्याला.

आणि हो, मालकाने महोत्सव चालू ठेवलाय. खोली वाचली.

बाबा घरी काय म्हणाले ते लिही. वाईट असलं तरी. मी या वेळी कुठे पळून गेलेलो नाही, याच पत्त्यावर आहे, एवढं त्यांना सांग.

लोभाची चौकशी करायचा धीर नाही,
भिंगरी


दि. १५ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. घरी आल्यावर दादा दोन दिवस गप्प होता. थोरल्या काकू उलट थांबायलाच तयार नाहीत. साऱ्या गावाला होडीची गोष्ट सांगत सुटल्या आहेत, फक्त त्यांच्या सांगण्यात वल्हवणारी बरी होते. धाकटे काका दोन वेळा फसवलं असं म्हणाले. मग मी त्यांना पत्रिका मोठ्याने वाचायला लावली.

तिसऱ्या संध्याकाळी दादा काजं मोजायला आला. मोजली नाहीत. बराच वेळ हाताचा पंजा बघत बसला आणि मग माझ्यावरच उखडला. हे मला आधी सांगता येत नव्हतं का, सदतीस माणसांसमोर काय ही थट्टा. मी म्हटलं, सांगितलं असतं तर गेला असतास का. नाही म्हणाला. मग म्हणाला, पोराला समजत कसं नाही, गरम मशिनाचं झाकण पुठ्ठ्यावर ठेवतो, आग लागली म्हणजे? हे तुझ्याबद्दल नव्हतं. काळजी दुसऱ्याच पोराची चालली होती, ते त्याचं त्यालाही मागाहून कळलं आणि चष्मा पुसायला लागला.

सगळं पटलंय असं समजू नकोस. घरी वहिनीशी अजून धड बोलत नाही. पण सोबत एक पुडी आहे, त्याने स्वतः बांधलेली. तीन मापांचे स्क्रू. कोणता बसेल ते नक्की नाही, म्हणून तिन्ही. नेहमी एका नजरेत माप सांगणारा माणूस तीन घालतो, म्हणजे त्याचं लक्ष स्क्रूकडे नव्हतं.

जाता जाता दारात पुन्हा विचारलं, बर्फ मिळाला का त्याला. रोजचंच. पण या वेळी उत्तरासाठी थांबला. मी काय सांगणार? ते तुझं तू दे.

आणि ती महत्त्वाची गोष्ट. तुझी तीन पत्रं झाली. घराण्याने पाहिली, बकरीने पाहिली, मी तर कापडात कापली. तुझ्या हाताने मात्र अजून लिहिलेली नाही. कोरा ताव ठेवला आहे. मासे नकोत, खुर्ची नको.

दोघांनाही आशीर्वाद, एकाच मापाचे,
आत्या


दि. २० मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. माझं ऑपरेटरवर प्रेम आहे. त्याचंही माझ्यावर आहे, मी विचारून घेतलं. आम्ही एकत्र राहतो आणि मला इथून कुठेही जायचं नाही.

मधला स्क्रू बसला. झाकण अगदी गप्प आहे.

बाबांना सांग, बर्फ मिळाला. जरा लांब मिळाला.

पहिल्यांदाच कागद उरलाय. उरू दे.

लोभ आता दोघांत वाटून दे,
भिंगरी आणि ऑपरेटर